त्याने न केलेली तपासणी

लग्नाला चार-पाच वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नाही, की नातेवाइकांच्या जिभेला हाड राहत नाही. "काय गं, अजून काही नाही का?" हा प्रश्न विचारताना त्यांची मान कुणाच्या दिशेला वळते, हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ती कधी चुकून तरी नवऱ्याकडे वळते का? "काय रे, तू दाखवून घेतलंस का डॉक्टरांना?" असं एखाद्या मावशीने पुरुषाला चारचौघांत विचारलेलं कुणाच्या ऐकिवात आहे का? असेल, तर त्या मावशीला माझा नमस्कार सांगा. बाकीच्यांनी ही गोष्ट वाचावी.

गोष्ट आहे एका फ्रिजवाल्याची. फ्रिज विकणारा नव्हे, दुरुस्त करणारा. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचा एक अरुंद गाळा होता. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत लोकांचे फ्रिज दाटीवाटीने उभे असत. कुणाचं दार निघालेलं, कुणाची मागची जाळी उघडी पडलेली. मधल्या बोळातून अंग चोरून फिरत तो दिवसभर काम करी. कामात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गिऱ्हाइकाने "गॅस गेलाय वाटतं" असं म्हटलं तरी तो ऐकून घेई आणि आपल्या क्रमाने जाई. आधी प्लग आणि वायर, मग थर्मोस्टॅट, मग दाराचं रबर, आणि हे सगळं ठीक निघालं तरच कॉम्प्रेसर आणि नळ्या. उगाच नळी कापून ठेवायची आणि मग बिघाड प्लगमध्ये होता असं निघायचं, हा प्रकार त्याच्या दुकानात कधी झाला नाही. गिऱ्हाइकं त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकत.

घरी तो, त्याची आई आणि त्याची बायको. बायको पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार खिडकीवर बसायची. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या पाण्याला वास येतो, सगळ्या गावाची कुरकुर ती शांतपणे ऐकून घ्यायची. दिवसभर लोकांच्या तक्रारी नोंदवणारी ही बाई घरी आल्यावर स्वतःची एकही तक्रार करत नसे. आणि तक्रारीला जागा नव्हती असं अजिबात नाही.

लग्नाला तीन वर्षं झाल्यावर सासूबाईंनी बोलायला सुरुवात केली. आधी आडून आडून, मग उघड. "शेजारच्या घरातली सून मागाहून आली, तिचं दुसरं शाळेत जायला लागलं," असं भाजी निवडता निवडता. "माझ्या मुलात काही कमी नाही, दगडासारखा ठणठणीत आहे," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला. बायकोचं माहेर त्याच गावात होतं. तिचे वडील गाडी शिकवायचे. अर्ध्या गावाला त्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. एकदा सासूबाईंनी त्यांना घरी बोलावून घेतलं आणि मुलीसमोर नाही नाही ते ऐकवलं. मास्तर बोलण्यात कुणाला हार जाणारे नव्हते, पण त्या दिवशी त्यांनी मान खाली घातली. "आमच्या छकुलीत काही उणं असेल तर आम्ही उपचारांत कसूर करणार नाही. तिला सांभाळून घ्या," असं म्हणून त्या माणसाने हात जोडले. फ्रिजवाला तिथेच खुर्चीत बसला होता. तो खाली फरशीकडे बघत राहिला.

कारण त्याला एक गोष्ट ठाऊक होती. त्याला शुगर होती!

त्याच सुमाराला, थोडं आधी, ते निघालं होतं. सारखी तहान लागायची, वजन उतरलं, म्हणून तो एकटाच जाऊन रक्त तपासून आला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, खाण्यापिण्याचं सांगितलं. घरी आल्यावर तो आईला सांगणार होता, पण ओठांवर आलेलं त्याने गिळलं. त्याचे वडील शुगरनेच गेले होते. आधी पाय कापावा लागला, मग दिसेनासं झालं, मग गेलेच. आईने ते सगळं एकटीने निभावलं होतं, आणि तेव्हापासून त्या घरात शुगर हा शब्दच कुणी उच्चारत नसे. आईला पुन्हा तेच दिवस दाखवायचे? आणि बायकोला काय वाटेल? तिला वाटेल, आजारी माणूस गळ्यात बांधला. असं मनाशी घोकत त्याने गोळ्या दुकानाच्या खणात ठेवल्या आणि घरी आईच्या हातचा दोन चमचे साखरेचा चहा आधीसारखाच पीत राहिला, कुणाला संशय यायला नको म्हणून.

आता बायकोच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. डॉक्टरीणबाई स्वभावाने चांगल्या, पण त्यांच्याकडे गर्दी फार. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "मिस्टरांची तपासणी झाली आहे का? ती सगळ्यात सोपी असते, आधी ती करून घ्या." बायकोने घरी येऊन हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मी करून आलो गं. सगळं एकदम छान आहे."

"रिपोर्ट?"

"ते लोक तोंडीच सांगतात. कागद मागितला की मिळेल."

कागद त्याने कधी मागितला नाही, कारण तो गेलाच नव्हता. बायकोने विश्वास ठेवला. डॉक्टरीणबाईंनी एक-दोनदा कागद मागितला, मग गडबडीत तेही मागे पडलं. आणि उपचारांचा सगळा भार एका देहावर आला. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, त्यांमुळे तिचा चेहरा सुजला, चिडचिड वाढली. मग गर्भाशयाच्या नळ्यांमध्ये औषध सोडून फोटो काढण्याची तपासणी झाली. त्या वेळी वेदनेने तिने ओठ असा चावला की रक्त आलं. तो बाहेर बाकावर मोबाइल बघत बसला होता. आतून तिचा आवाज आला तेव्हा त्याने मोबाइल खिशात टाकला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

माणूस वाईट होता म्हणून हे झालं असं समजू नका. तो बायकोसाठी येताना न विसरता फळं आणायचा, ती दमून आली की भांडी घासायचा. फक्त एका ठिकाणी तो भित्रा होता, आणि त्या एका ठिकाणच्या भित्रेपणाने सगळ्या चांगुलपणाची माती केली.

मनातून मात्र तो पोखरला जात होता. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, की शुगरच्या गोळ्यांनीच पुरुषाची ताकद जाते. झालं! त्याने गोळ्या बंद केल्या. पुढे औषधाच्या दुकानात त्याला एक नवी गोष्ट दिसली. पुड्यांचा एक डबा. त्यावर लिहिलं होतं की यात पोटातले चांगले जिवाणू आणि त्या जिवाणूंचं खाद्य असं दोन्ही आहे, आणि मधुमेही पुरुषांच्या बीजासाठी ते उपयोगी ठरू शकतं. औषधवाल्याने सरळ सांगितलं, "घ्यायचं तर घ्या, पण शुगरच्या गोळ्यांबरोबर घ्या. आणि आधी डॉक्टरांना विचारा. हे थंड जागी ठेवावं लागतं, आत जिवंत जिवाणू आहेत." या सगळ्यातलं आपल्या सोयीचं तेवढंच त्याने ऐकलं. डॉक्टरला तोंड दाखवायला नको, तपासणी नको, घरात बोंब नको, आणि पोटातल्या पोटात सगळं दुरुस्त होणार! रोज सकाळी दुकान उघडलं की पाण्यातून एक पुडी. गोळ्यांची त्याला आठवणही होईनाशी झाली.

आता डबा ठेवायचा कुठे? घरच्या फ्रिजमध्ये शक्यच नव्हतं. दुकानात फ्रिजांची रांग होती, पण त्याचा स्वतःचा एकही नव्हता; सगळे लोकांचे. मग त्याने युक्ती काढली. दुरुस्त झालेला फ्रिज गिऱ्हाइकाला देण्याआधी तो एक-दोन दिवस नुसता चालवून बघत असे. अशा चालत्या फ्रिजमध्ये, दारातल्या अंड्यांच्या खणात, तो आपला डबा ठेवी. फ्रिज जायच्या दिवशी डबा काढून पुढच्या फ्रिजमध्ये. कित्येक महिने त्या डब्याने भाड्याची घरं बदलावीत तसे लोकांचे फ्रिज बदलले आणि कुणा गिऱ्हाइकाला पत्ता लागला नाही.

इकडे सगळे उपचार थकल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दुर्बिणीतून आत बघावं लागेल. पोटाला छेद, भूल, एक रात्र दवाखान्यात. तारीख ठरली. आदल्या दिवशी रक्त-लघवीच्या तपासण्यांसाठी तिला बोलावलं होतं. फ्रिजवाला तिच्याबरोबर गेला. दुकानाची किल्ली त्याने टेम्पोवाल्याकडे दिली आणि सांगितलं, "पुढचा निळा फ्रिज माझ्या सासऱ्यांचा आहे. झालंय त्याचं काम. नेऊन पोचव."

दुपारी तो परत आला, निळ्या फ्रिजची जागा मोकळी दिसली, आणि त्याला एकदम आठवलं. डबा त्यातच होता.

त्याने स्वतःची समजूत घातली. म्हातारा माणूस, बायको वारलेली, एकटाच राहतो, अंडी खात नाही. कशाला तो खण उघडेल? पण तो विसरला होता की मास्तरांना स्वतःला शुगर होती आणि त्यांचं इन्सुलिन फ्रिजच्या दारातच असायचं. फ्रिज बिघडला तेव्हापासून ते शेजाऱ्यांकडे ठेवलेलं होतं. मास्तर ते कुणापासून लपवत नसत. जेवायला बसण्याआधी सगळ्यांसमोर शर्ट वर करून टोचून घेत आणि म्हणत, "थांबा, आधी पेट्रोल भरतो, मग गाडी काढू." फ्रिजवाल्याला त्यांचा तो उघडेपणा पाहून दर वेळी कसंतरी व्हायचं.

दिवे लागायच्या सुमाराला मास्तर गाळ्यात आले. हातात पिशवी. नेहमी ते दारातूनच "काय जावईबापू, गारठलात की नाही?" अशी आरोळी ठोकत. आज गुपचूप आत आले, एका पालथ्या खोक्यावर बसले आणि पिशवीतून डबा काढून मांडीवर ठेवला.

"हा तुमचा?"

तो हातातला पाना पुसत राहिला.

"मी चष्मा लावून सगळं वाचलं," मास्तर म्हणाले. "मधुमेही पुरुषांसाठी, असं आहे त्यावर. मला वाटलं टेम्पोवाल्याचा असेल. त्याला फोन केला. तो म्हणाला, दुकानात हा डबा तो नेहमी बघतो. शुगर आहे तुम्हाला?"

"हो."

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली."

"आणि ती तपासणी? पुरुषाची? छकुली म्हणाली होती, तुमचं सगळं छान आलंय."

फ्रिजवाल्याने पाना खाली ठेवला. "मी गेलोच नव्हतो, बाबा."

मास्तर मांडीवरच्या डब्याकडे बघत राहिले. मागचा एक फ्रिज घरघर करून बंद पडला, तेव्हा त्यांनी मान वर केली. ते चिडतील, कॉलर धरतील, असं त्याला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. मास्तरांनी अगदी साधा प्रश्न विचारला.

"माझा फ्रिज आणला, तेव्हा तुम्ही आधी काय तपासलंत?"

"प्लग."

"प्लगच का?"

"सोपं असतं ते. काही उघडावं लागत नाही, कापावं लागत नाही. आधी ते बघायचं आणि मगच..."

आपण काय बोललो ते त्याला बोलता बोलताच समजलं होतं.

"माझ्या टिनपाट फ्रिजला जो न्याय लावलात, तो माझ्या मुलीला नाही लावलात!" आता मात्र मास्तरांचा आवाज फाटला. "अहो, वर्षानुवर्षं नळ्या तपासताय तिच्या, इंजेक्शनं टोचताय, उद्या पोट फाडायला निघालाय, आणि प्लग? प्लगला हात लावला नाही कुणी! तुमच्या आईसमोर मी हात जोडले. तुम्ही बघत होतात. मी त्या रात्री घरी जाऊन तिच्या आईच्या फोटोला म्हणालो, आपल्या पोरीत खोट निघाली गं. मी माझ्या पोरीला खोटी ठरवलं, माझ्या तोंडाने!"

फ्रिजवाला खाली बसला. दोन्ही हातांत तोंड लपवून तो रडू लागला. "मला भीती वाटत होती, बाबा. सगळे हसतील. आई... आणि तीसुद्धा. मग मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती."

"तोंडाचं बोलताय? मी या शरीरात रोज सुई खुपसतो, माझं काय वाकडं झालं? शुगर म्हणजे काय चोरी आहे, का दरोडा आहे? आणि दोष कुणात आहे हे तुम्हाला अजून माहीत नाही, मलाही नाही. कदाचित तुमच्यात काहीच नसेल. कदाचित दोघांत थोडं थोडं असेल. पण बघायला नको?" मास्तर उठले. डबा त्यांनी त्याच्या शेजारी ठेवला. "मी छकुलीला सांगणार नाही. शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाखाली एक ब्रेक असतो, तेवढा दाबतो मी. उद्याचं ऑपरेशन होऊ देणार नाही. पण बोलायचं तुम्हालाच आहे. आजच्या आज."

तो घरी पोचला तेव्हा बायको दवाखान्याची पिशवी भरत होती. टॉवेल, जुनी चादर, पाण्याची बाटली. आई पलंगावर बसून सूचना देत होती. त्याने दार लावलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. शुगर, बंद केलेल्या गोळ्या, पुड्या, आणि कधीच न केलेली तपासणी. थांबला असता तर त्याच्याने पुन्हा बोलवलं नसतं, म्हणून तो एका दमात बोलला.

"काहीतरीच काय बरळतोस!" आई ओरडली. "तुला कसली शुगर? कुणी करणी केल्यासारखं बोलतोय बघा. आणि हे बाहेर कुणापाशी बोलू नकोस, सांगून ठेवते."

बायकोने हातातला टॉवेल घडी करून ठेवला. मग तीच घडी पुन्हा उलगडली.

"माझी नळ्यांची तपासणी झाली," ती म्हणाली, "तेव्हा तुम्हाला शुगरचं माहीत होतं?"

"होतं."

"मी विचारलं होतं तुम्हाला, तुमचं कसं आलं म्हणून. मला अजून आठवतंय, तुम्ही चहा पीत होतात. म्हणालात, एकदम छान. मला इतका आनंद झाला होता. मला वाटलं, चला, निदान यांना तरी काही नाही. जे काही आहे ते माझ्या एकटीत आहे, सोसेन मी."

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"मूल नाही याचं दुःख दोघांनी मिळून केलं असतं ना, तर काही वाटलं नसतं मला. रडलो असतो, गप्प बसलो असतो, आपापल्या कामाला लागलो असतो. तुम्ही ते सगळं माझ्या एकटीच्या डोक्यावर दिलंत आणि वर मला धीर द्यायला आलात! आई मला बोलायच्या, तेव्हा तुम्ही खोलीत येऊन म्हणायचात, मनावर घेऊ नकोस. मी तुम्हाला देवमाणूस समजत होते हो."

ती रडली नाही. भरलेली पिशवी तशीच उचलली आणि वडिलांकडे निघून गेली. दवाखान्याऐवजी ती पिशवी माहेरी गेली, एवढाच काय तो फरक.

पुढच्या आठवड्यात तो तपासणीला गेला. ती डॉक्टरीणबाईंकडे आली, पण त्याच्यापासून एक खुर्ची सोडून बसली. निकाल चांगला नव्हता. शुक्रजंतू फार कमी, आणि जे होते त्यांची हालचाल मंद. रक्तातली साखर इतकी चढलेली की डॉक्टरीणबाईंनी कागद पुन्हा वाचला.

"शुगर अशी वर्षानुवर्षं वाढलेली राहिली, की त्याचा परिणाम इथेही होतो," त्या म्हणाल्या. "डोळ्यांवर होतो, पायांवर होतो, तसाच. गोळ्यांनी ताकद जाते हे कुणी सांगितलं तुम्हाला? गोळ्या बंद केल्याने गेली. आणि चूक माझीही आहे. कागद हातात आल्याशिवाय मी यांना पुढचं काही करायला लावायला नको होतं."

त्याने खिशातून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. "याचा काही उपयोग होईल का हो?"

डॉक्टरीणबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "यावर थोडे अभ्यास झालेत. काहींत थोडा फायदा दिसलाय, पण अजून खात्रीने कुणीच सांगू शकत नाही. तुम्हाला घ्यायचंच असेल तर मला विचारून घ्या, मी नाही म्हणणार नाही. पण हे तोंडी लावणं आहे. जेवण म्हणजे तुमची शुगरची औषधं, चालणं आणि जिभेवर ताबा. तुम्ही इतके दिवस नुसतं तोंडी लावणं खाल्लंत आणि ताट बाजूला सारलंत."

त्याने त्या दिवसापासून सगळं नेमाने केलं. साखर उतरली. काही महिन्यांनी शुक्रजंतूंचे आकडेही थोडे सुधारले. पण मधली वर्षं कुणी परत देत नाही! बायकोचं वय आता तिच्या बाजूने राहिलं नव्हतं. दोघांच्या संमतीने एकदा टेस्ट-ट्यूबचा मोठा उपचार करून पाहिला. तो फसला. त्या संध्याकाळी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "पुरे आता. माझं शरीर थकलं." तो "हो" म्हणाला. त्याच्याजवळ "अजून एकदा" म्हणण्याचा अधिकारच उरला नव्हता.

ती घरी परत आली, पण एक अट घालून. "यापुढे कुणीही विचारलं, तर उत्तर तुम्ही द्यायचं. खरं उत्तर."

तशी वेळ यायला उशीर लागला नाही. मामांनी नवं घर घेतलं आणि सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावलं. पानं वाढली, गप्पा रंगल्या. फ्रिजवाल्याचा मामेभाऊ नेहमीप्रमाणे सगळ्यांची टर उडवत होता. घरातला सगळ्यात मोठा टवाळखोर तोच. त्याचंही लग्न होऊन बरेच दिवस झाले होते आणि त्याची बायको एका कोपऱ्यात खाली मान घालून जेवत होती. वाढता वाढता मामी फ्रिजवाल्याच्या बायकोजवळ थांबल्या आणि भर पंगतीत म्हणाल्या, "काय गं, इतके उपचार झाले म्हणे. तरी काही नाही का?"

तिने हातातला घास खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

पन्नास डोळे त्याच्याकडे लागले नव्हते, ते सगळे अजून तिच्याकडेच होते. तो उठून उभा राहिला.

"मामी, तिला नका विचारू. मला विचारा. मला शुगर आहे, मी ती लपवली. औषधं घेतली नाहीत. तपासणी न करताच केली म्हणून खोटं सांगितलं. बिघाड माझ्यात होता आणि उपचार तिच्यावर झाले. हिच्यात काहीही कमी नाही आणि नव्हतं."

मामींच्या हातातला डाव तसाच राहिला. कुणीतरी खोकलं. त्याची आई पानावर नजर लावून बसली होती. तिचे ओठ हलले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "खरं आहे ते. मी पोरीला फार बोलले." एवढं बोलून तिने पाणी मागितलं.

बायको उठून आतल्या खोलीत गेली. तो मागोमाग गेला तेव्हा ती खिडकीशी उभी राहून रडत होती. इतक्या वर्षांत, इतक्या सुया आणि इतक्या बोलण्यांनंतर, तो तिला पहिल्यांदा मोकळं रडताना पाहत होता.

"हे तुम्ही तेव्हा बोलला असतात तर..." ती म्हणाली आणि वाक्य तिने तसंच सोडलं.

तो तिच्या शेजारी उभा राहिला. त्या वाक्याचं पुढचं टोक दोघांनाही दिसत होतं. त्यात एक घर होतं, आणि त्या घरात ते दोघंच नव्हते.

जेवणं आटपून सगळे निघाले. तो जिना उतरत होता, तेवढ्यात मागून मामेभाऊ आला. त्याने वर-खाली पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली. चेहऱ्यावरची टवाळी कुठल्या कुठे गेली होती.

"दादा, एक विचारू? ती आपली... पुरुषांची तपासणी. हिचं औषध चालू आहे गेलं वर्षभर. डॉक्टर मलापण ये म्हणतात. मी टाळतोय." तो घुटमळला. "दुखतं का रे?"

फ्रिजवाल्याला ओठ चावून रक्त काढणारी बायको आठवली. तिचा सुजलेला चेहरा आठवला.

"नाही रे," तो म्हणाला. "काहीच दुखत नाही. अजिबात नाही!" आणि जिन्याचा कठडा धरून तो तिथेच खाली बसला.

वाचकहो, मूल होणं न होणं हे नेहमीच आपल्या हातात असतं असं नाही. पण बायकोला एकटीला टेबलावर झोपवायचं, की तिच्याबरोबर आपणही पहिल्याच दिवशी तपासून घ्यायचं, हे मात्र प्रत्येक पुरुषाच्या हातात असतं. शुगर हा आजार आहे, कलंक नाही. तो सांगायचा असतो आणि त्याची औषधं घ्यायची असतात. पुड्या, चूर्णं, कॅप्सूल यांनी थोडाफार हातभार लागत असेल, नसेल, ते डॉक्टर सांगतील. पण त्यांच्या आड लपू नका. लपलेल्या माणसाची शिक्षा दुसरंच कुणी भोगत असतं, आणि बहुतेक वेळा ते माणूस आपल्याच घरातलं असतं.

मामेभाऊ दुसऱ्याच दिवशी बायकोला घेऊन दवाखान्यात गेला. या गोष्टीत सुखाचं म्हणावं असं एवढंच आहे.